भिंतीतलं शिसं आणि आईवरचा आळ



दिवाळीनंतरची आमच्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात आमच्यातल्या एका मावशींनी विषय काढला. त्यांची लेक पुण्यात एका जुन्या वाड्यात भाड्याच्या खोलीत राहते. पदरी पावणेदोन वर्षांचा मुलगा. पोरगं दिवसभर खिडकीशी खेळतं, चौकटीवरच्या रंगाचे पोपडे सोलतं आणि तोंडात घालतं. मावशी म्हणाल्या, "सासू रोज बोलते माझ्या लेकीला. तुझं लक्ष कुठं असतं म्हणून."

आम्ही काय केलं? आम्हीही तेच केलं. एकीने म्हटलं, लाडावून ठेवलंय. दुसरी म्हणाली, अंगात काहीतरी कमी असेल, पण आईने बघायला नको का? कुणी काही, कुणी काही. सगळ्यांचं बोट शेवटी त्या पोरीकडेच.

पुढच्या आठवड्यात तालुक्याला प्रशिक्षण होतं. तिथे आलेल्या डॉक्टर बाईंना आम्ही हे सांगितलं. त्यांनी आईबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यांनी विचारलं, "खिडकी किती जुनी आहे? रंग कधीचा आहे?" आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. खिडकीबद्दल आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.

त्या प्रश्नापासून आम्ही वाचायला लागलो. वाचताना कळलं की हा प्रश्न काही आपल्यालाच पडलेला नाही. जगात तो सव्वाशे वर्षं विचारला जातोय, आणि दर वेळी उत्तर यायला उशीर झालाय. आजच्या भाषणात तीच गोष्ट सांगायची आहे.

आधी शिसं म्हणजे काय ते बघू. शिसं हा जड, मऊ धातू. मासे धरायच्या जाळ्याला शिशाचे मणी लावतात, ट्रॅक्टरच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या असतात. आपली पोरं शाळेत शिसपेन्सिल नेतात, पण तिच्यात शिसं नसतं बरं का. तिच्यात ग्रॅफाइट असतं, नाव तेवढं शिशाचं राहिलं. उलट ज्या वस्तूच्या नावात शिसं नाही, तिच्यात ते असतं. शेंदूर घ्या. जुन्या पद्धतीचा खरा शेंदूर म्हणजे शिशाचीच तांबडी भुकटी. आणि शिशापासूनच एक पांढरीशुभ्र भुकटी तयार होते, तिला म्हणायचे सफेदा. हा सफेदा जवसाच्या तेलात घोटला की झाला ऑइल पेंट. तो लाकडाला घट्ट धरतो, पावसाने जात नाही, धुतला तरी चमकतो. म्हणून शे-दीडशे वर्षांपूर्वी जगभर चांगला रंग म्हणजे शिशाचा रंग, असं समीकरणच होतं. जुन्या काही रंगांच्या थरात तर निम्मं वजन शिशाचं असायचं.

आता हे शिसं शरीरात गेलं की करतं काय? शरीराला ते ओळखता येत नाही. शिसं कॅल्शियमची जागा घेतं आणि हाडांत, दातांत जाऊन बसतं. रक्त तयार होण्यात अडथळा आणतं. मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशातलं थोडंच अंगात मुरतं. लहान मुलाच्या अंगात मात्र त्याच्या चार-पाच पट मुरतं, आणि त्याच वयात मेंदू घडत असतो. पोट दुखतं, शौचाला होत नाही, पोरगं फिकट पडतं, चिडचिड करतं. फारच जास्त झालं तर झटके येतात, मूल दगावतं. पण थोडं थोडं जात राहिलं तर बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त मूल शिकण्यात मागे पडतं, एका जागी बसत नाही. मग आपण म्हणतो, हे पोरगं हूडच आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या बायकांसाठी. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर शिसं जास्त मुरतं. आणि लहानपणी हाडांत साठलेलं शिसं पुढे गरोदरपणात सुटून रक्तात येतं आणि पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. म्हणजे एका पिढीच्या भिंतीतलं विष पुढच्या पिढीत जाऊ शकतं.

आता गोष्टीकडे वळू. ती सुरू होते आपल्यापासून फार दूर, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात, ब्रिस्बेन शहरात. तिथे ऊन कडक. घरं लाकडाची, पुढे मोठा व्हरांडा, आपल्या पडवीसारखा, आणि त्याला लाकडी कठडे. मुलं दिवसभर त्या व्हरांड्यात खेळायची. १८९२ साली तिथल्या मुलांच्या दवाखान्यातले डॉक्टर जेफरिस टर्नर यांनी जाहीर केलं की, या मुलांना शिशाची विषबाधा होते आहे. पण शिसं येतंय कुठून? पाण्यातून, भांड्यांतून, खेळण्यांतून, सगळीकडे शोध झाला. बारा वर्षं गेली. १९०४ साली लॉकहार्ट गिब्सन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बोट ठेवलं ते कठड्यावर. उन्हाने रंग भुरभुरीत होतो, मुलांच्या हाताला लागतो, मुलं अंगठा चोखतात, नखं खातात, आणि रंग पोटात जातो. इतकं साधं.

इतकं साधं म्हणूनच की काय, बऱ्याच डॉक्टरांना ते पटलं नाही. शेवटी १९२२ साली क्वीन्सलँडने कायदा केला की, मुलांचे हात पोचतील अशा जागी शिशाचा रंग लावायचा नाही. मैत्रिणींनो, १९०४ ते १९२२ म्हणजे अठरा वर्षं झाली. कारण कळल्यापासून कायदा होईपर्यंत व्हरांड्यात रांगणारं मूल मिसरूड फुटलेला तरुण झालं.

त्याच सुमाराला अमेरिकेत एक बाई शिशाच्या मागावर होती. तिचं नाव ॲलिस हॅमिल्टन. शिकून डॉक्टर झालेली, शिकागोच्या गरीब वस्तीत इतर बायकांबरोबर राहून काम करणारी. १९१० साली इलिनॉय राज्याने कामगारांच्या आजारांची पाहणी करायचं ठरवलं आणि ते काम तिच्याकडे आलं. कारखान्यात मालकासमोर कामगार तोंड उघडायचे नाहीत. मग ही बाई त्यांच्या घरी जायची, घरच्या बायकांशी बोलायची, दवाखान्यांचे कागद तपासायची. सफेदा करणाऱ्या कारखान्यांतली माणसं शिशाने कशी खंगतात, हे तिने एकेक माणूस मोजून दाखवलं. पुढे १९१९ साली ती हार्वर्ड विद्यापीठातली पहिली स्त्री शिक्षक झाली. घरोघर जाऊन विचारायचं, लिहून ठेवायचं आणि मग बोलायचं, ही तिची पद्धत. आपल्या आशाताई तरी दुसरं काय करतात?

युरोपातही जाग आली होती. १९२१ साली जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत करार झाला की, इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये. अनेक देशांनी तो मान्य केला. अमेरिकेने कधीच केला नाही. तिथे शिशाचा रंग उलट आरोग्याला चांगला, धुता येतो, स्वच्छ असतो, अशा जाहिराती चालू होत्या. लहान मुलांसाठी रंगवायची पुस्तकं काढूनही त्या रंगाचा प्रचार व्हायचा.

आता याच अमेरिकेतल्या एका शहरात जाऊ. पूर्व किनाऱ्यावरचं बाल्टिमोर हे बंदराचं शहर. एकमेकांना लागून घरांच्या लांबच लांब रांगा, आपल्याकडच्या चाळींसारख्या. १९१४ साली तिथल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एका पाच वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याने आपल्या पलंगाच्या कठड्याचा पांढरा रंग चावून चावून खाल्ला होता. ते मूल वाचलं नाही.

१९३२ साली जगभर मंदी होती. बाल्टिमोरमध्ये लोकांचं काम गेलं, चुलीला जळण मिळेना. भंगारवाल्यांकडे मोटारींच्या जुन्या बॅटऱ्यांच्या पेट्या फुकट मिळायच्या. गरीब घरांनी त्या जळणाला नेल्या. त्यांना शिसं चिकटलेलं होतं. धूर घरभर झाला आणि मुलं आजारी पडली. आपल्यासारख्याच बायका होत्या त्या. पोरांना थंडी वाजू नये म्हणून त्यांनी चूल पेटवली होती.

त्या प्रकरणानंतर शहराचं आरोग्य खातं जागं झालं. १९३५ साली बाल्टिमोरने रक्तातलं शिसं फुकट तपासून द्यायला सुरुवात केली. आणि तपासायला लागल्यावर दिसायला लागलं. जुन्या, पडक्या, भाड्याच्या घरांतली मुलं पुन्हा पुन्हा येत होती. १९५१ साली बाल्टिमोरने घराच्या आतल्या भिंतींना शिशाचा रंग लावायला बंदी केली. अमेरिकेत असं करणारं ते पहिलंच शहर.

मग प्रश्न सुटला का? नाही. कारण बंदी नव्या रंगाला होती. आधीचे थर भिंतीवर तसेच होते. आणि दोष द्यायला एक सोपी जागा सापडली होती, ती म्हणजे आई. मुलं रंग खातात याला डॉक्टरांनी आजाराचं नाव दिलं. आई अडाणी, आई लक्ष देत नाही, वस्तीच घाणेरडी, असं बोललं जायचं. शिशाच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेचा त्या काळचा पत्रव्यवहार पुढे उजेडात आला. त्यातही हाच सूर होता की, दोष रंगाचा नाही, झोपडपट्टीचा आहे, आणि शिकवूनही न सुधारणाऱ्या आईबापांचा आहे.

हे वाचताना आम्हाला आमची बैठक आठवली आणि लाज वाटली. आम्हीही चहा पिता पिता तेच बोललो होतो.

चित्र बदलायला लागलं ते वस्तीतली माणसं स्वतः मोजायला लागली तेव्हा. १९६९ साली न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात, पोर्तो रिकोहून आलेल्या गरीब लोकांच्या वस्तीत, तिथल्याच तरुण मुलामुलींची यंग लॉर्ड्‌स नावाची संघटना होती. न्यूयॉर्कने १९६० सालीच घरात शिशाचा रंग लावायला बंदी केली होती. पण जुन्या इमारतींतले पोपडे पडतच होते आणि मुलं आजारी होतच होती. तपासणीचं साहित्य आरोग्य खात्याकडे होतं, पण ते वस्तीत पोचत नव्हतं. या मुलामुलींनी खात्याच्या कार्यालयात जाऊन ठिय्या दिला, साहित्य मिळवलं, डॉक्टर आणि परिचारिकांना बरोबर घेतलं आणि दारोदार फिरून मुलांची तपासणी केली. वर्तमानपत्रांत गाजलं. पुढच्या वर्षी शहराला शिशाच्या विषबाधेसाठी वेगळा विभाग काढावा लागला. १९७१ साली अमेरिकेचा पहिला देशव्यापी कायदा झाला आणि १९७८ साली घरगुती रंगातून शिसं जवळजवळ हद्दपार झालं. क्वीन्सलँडच्या कायद्यानंतर छप्पन्न वर्षांनी.

दरम्यान एक वेगळीच गोष्ट कळली. १९७९ साली हर्बर्ट नीडलमन नावाच्या डॉक्टरांनी बोस्टनजवळच्या दोन गावांतल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले. दातातलं शिसं मोजलं आणि शिक्षकांना मुलांबद्दल विचारलं. ही मुलं आजारी नव्हती, दवाखान्यात कधी गेली नव्हती. तरीही ज्यांच्या दातांत शिसं जास्त, ती बुद्धीच्या चाचणीत मागे होती आणि वर्गात त्यांचं लक्ष लागत नव्हतं. म्हणजे झटके येणारी, दगावणारी मुलं दिसत होती, आणि न दिसणारी मुलं कितीतरी जास्त होती.

यानंतर "किती शिसं चालेल" हा आकडा कसा घसरत गेला ते ऐका. रक्तातलं शिसं शंभर मिलिलिटर रक्तात किती मायक्रोग्रॅम, असं मोजतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. १९६० च्या दशकात अमेरिकेत ६० पर्यंत काळजी नाही म्हणायचे. १९७० च्या सुमाराला म्हणाले ४०. १९८५ साली म्हणाले २५. १९९१ साली १०. २०१२ साली ५. २०२१ साली साडेतीन. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की, मुलाच्या अंगात इतकं शिसं चालेल असा सुरक्षित आकडाच माहीत नाही. विचार करा, १९६५ साली ज्या आईला "तुमच्या मुलाला काही झालेलं नाही" असं सांगून घरी पाठवलं, त्या मुलाच्या रक्तात आजच्या हिशोबाने दहापट, पंधरापट शिसं असू शकत होतं.

मग लोकांनी जुना रंग काढायला सुरुवात केली. आणि इथे एक मोठी चूक झाली. तीच चूक आपल्याकडे दर दिवाळीला होते. त्यांनी रंग कोरडाच खरवडला, घासला, आगीच्या झोताने जाळून काढला. वर केरसुणी फिरवली आणि मूल परत घरात आणलं. बाल्टिमोरच्याच संशोधकांनी अशी घरं तपासली आणि १९९० साली निष्कर्ष मांडला की, काम झाल्यावर घरातल्या धुळीतलं शिसं कमी होण्याऐवजी वाढलं होतं. भिंतीला चिकटलेलं विष जमिनीवर आलं होतं, आणि जमिनीवर तर मूल रांगतं.

तेव्हा खरी वाट कळली. मूल रंगाचे पोपडे खाताना दिसतं, पण बहुतेक शिसं पोटात जातं ते धुळीतून. खिडकी उघडताना, बंद करताना लाकूड लाकडावर घासतं, दार चौकटीला घासतं. रंगाची पिठासारखी धूळ होते. ती जमिनीवर, खेळण्यांवर, मुलाच्या हातांवर बसते. म्हणजे एखाद्या आईने मुलावर चोवीस तास नजर ठेवली आणि त्याने एकही पोपडा खाल्ला नाही, तरी शिसं पोटात जाणारच. यात आईच्या लक्षाचा प्रश्न येतो कुठे?

आता शेवटचं शहर. अमेरिकेतच, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, रोचेस्टर. दोन लाखांच्या आसपास वस्ती, घरं बरीचशी जुनी. तिथल्या एका शाळेचे मुख्याध्यापक राल्फ स्पेझिओ यांना प्रश्न पडला की, आपल्या शाळेत इतक्या मुलांना शिकायला अडचण का येते? त्यांनी आरोग्य खात्याकडून माहिती मिळवली. शाळेत नव्याने आलेल्या दर शंभर मुलांपैकी ४१ मुलांच्या रक्तात कधी ना कधी १० पेक्षा जास्त शिसं सापडलेलं होतं. ते हादरले. २००० साली त्यांनी शिक्षक, आईबाप, परिचारिका, चर्चचे लोक, विद्यापीठातले अभ्यासक, सगळ्यांना एकत्र आणून एक आघाडी उभी केली. २००३ साली रोचेस्टरच्याच मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की, १० च्या खालचं शिसंही बुद्धीला मार बसवतं.

त्यांनी मांडलेला मुद्दा असा होता. इतकी वर्षं आपण काय करतो? मुलाचं रक्त तपासतो. त्यात शिसं सापडलं की मग घर तपासायला जातो. म्हणजे घरात विष आहे का हे शोधायला आपण मुलाला वापरतो. हे उलटं झालं पाहिजे. घर आधी तपासा, मूल नंतर राहायला येऊ दे.

घरमालकांनी विरोध केला. खर्च परवडणार नाही, घरं ओस पडतील, भाडं वाढेल, असं म्हणाले. तरीही डिसेंबर २००५ मध्ये शहराने कायदा केला आणि जुलै २००६ पासून तो लागू झाला. १९७८ च्या आधी बांधलेलं घर भाड्याने द्यायचं असेल तर शहराचा तपासनीस येऊन रंग कुठे उखडलाय का ते बघतो. धोक्याच्या भागात जमिनीवरची, खिडकीतली धूळ पुसून तपासायला पाठवतात. दुरुस्ती मालकाने करायची, आणि तीही ओल्या पद्धतीने, खाली प्लास्टिक अंथरून. घरं काही ओस पडली नाहीत. शिसं चढलेल्या मुलांची संख्या मात्र खूप उतरली.

खरं सांगायचं तर मुलांच्या रक्तातलं शिसं उतरण्यात पेट्रोलमधलं शिसं गेल्याचा मोठा वाटा आहे. पण पेट्रोलचं शिसं गेल्यावर जे उरलं, ते जुन्या घरांत उरलं. म्हणजे गरिबांच्या घरांत उरलं, कारण जुन्या, दुरुस्ती नसलेल्या घरात स्वस्तात कोण राहतं हे तुम्हाला माहीत आहे.

आता आपल्या देशाकडे या. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी केंद्र सरकारने २०१६ साली नियम काढले आणि नोव्हेंबर २०१७ पासून ते लागू झाले. रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० भाग, याच्या वर शिसं नको, आणि तसं डब्यावर छापलेलं हवं. नियम चांगला आहे. पण तो नव्या डब्याचा नियम आहे. त्याआधी दारा-खिडक्यांवर, ग्रिलवर, पलंगावर, पाळण्यावर चढलेल्या थरांबद्दल तो काही बोलत नाही. बाल्टिमोर १९५१ साली जिथे उभं होतं, साधारण तिथे आज आपण आहोत. दारावर नवा डबा आला, पण जुना थर घरातच बसलाय.

गावाकडच्या आपल्या घरांना चुना, गेरू, शेणामातीचा हात असायचा. त्यात शिशाचं भय नाही. भय आहे ते जुन्या ऑइल पेंटचं. आणि आपल्या गावचे किती जण शहरात जुन्या खोल्यांत राहतात ते मोजा. आपल्या लेकी तिथे नांदायला गेल्यात, मुलगे रंगकामाला गेलेत. लांबी भरताना, पॉलिश पेपरने घासताना तीच धूळ त्यांच्या अंगावर बसते आणि कपड्यांबरोबर घरी येते.

म्हणून आम्ही गटात काही गोष्टी ठरवल्या. तुम्हीही त्या आपल्या बैठकीत वाचून दाखवा.

जुना ऑइल पेंट कोरडा खरवडायचा नाही, कोरडा घासायचा नाही, जाळायचा तर मुळीच नाही. पाणी मारून ओलाच काढायचा, खाली प्लास्टिक टाकायचं, निघालेला रंग गुंडाळून टाकायचा, अंगणात झाडून लावायचा नाही. काम चालू असताना गरोदर बाई आणि लहान मुलं त्या घरात नकोत. झाडण्याआधी ओल्या फडक्याने पुसायचं, खिडकीची फळी रोज पुसायची. मुलाची झोपायची आणि खेळायची जागा उखडलेल्या रंगापासून लांब न्यायची. जेवणाआधी हात धुवायचे. रंगकाम करणाऱ्याने घरी येताच कपडे बदलायचे आणि ते वेगळे धुवायचे. नवा रंग घेताना डब्यावर शिशाबद्दल काय लिहिलंय ते वाचायचं. मुलांना नाचणी, तीळ, पालेभाज्या, दूध द्यायचं, गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. पण एवढं लक्षात ठेवा की, खाण्याने शिसं थोडं कमी मुरतं, भिंतीतलं विष काही कमी होत नाही. आणि मूल रंग खात असेल तर डॉक्टरांना रक्तातलं शिसं तपासायचं का, असं स्पष्ट विचारायचं. उशीर करायचा नाही. शिसं फार चढलं तर उतरवायला औषध आहे, पण मेंदूचं झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही.

मावशींच्या लेकीचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. तिने मुलाचं रक्त तपासून घेतलं. शिसं निघालं, पाचाच्या वर. तिने घरमालकाला खिडकी नीट करून द्या म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "जमत नसेल तर खोली सोडा." तेवढ्या भाड्यात दुसरी खोली मिळणार कुठे? मग जावयाने एका रविवारी पाणी मारून मारून पोपडे काढले, चौकटीवर नवा रंग दिला. बाळाला घेऊन लेक आठ दिवस माहेरी आली होती. खिडकी आता बंदच ठेवतात. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत तपासायला सांगितलंय. खोलीत वारा येत नाही, पण सध्या तेवढंच त्यांच्या हातात आहे. बाकीचं घरमालकाच्या हातात आहे, नगरपालिकेच्या हातात आहे, कायद्याच्या हातात आहे. ते त्यांच्याकडे मागायला हवं.

लेक माहेरी आली तेव्हा आम्ही सगळ्या तिला भेटायला गेलो. आमचं चुकलं, असं सांगितलं. सासूबाईंना फोन लावून मावशींनी हीच सगळी गोष्ट सांगितली, ब्रिस्बेनच्या कठड्यापासून. त्या गप्प ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे खिडकीच खोटी होती तर."

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी गटात कुणी म्हणालं की अमकीचं पोरगं भिंत खातं, तर आधी भिंतीबद्दल विचारा. आईबद्दल नंतर बोलू.

पुढच्या बुधवारी याच वेळेला भेटू.